नव्या गाडीतला दोष आणि वॉरंटी: जॉब कार्डापासून ग्राहक आयोगापर्यंत

नवी गाडी सहा महिन्यांत तिसऱ्यांदा वर्कशॉपला उभी राहते आणि प्रत्येक वेळी 'चेक केलं, काही प्रॉब्लेम नाही' हेच ऐकून परत यावं लागतं. लाखो रुपये मोजून हा मनस्ताप कुणीच मुकाट्याने सोसू नये. पण भांडण कुठे करायचं हे कळलं पाहिजे. वॉरंटीचा दावा बहुतेक वेळा वर्कशॉपच्या काउंटरवरच ठरतो, जॉब कार्ड (गाडी घेताना तुमची तक्रार आणि करायचं काम नोंदवलेला वर्कशॉपचा कागद) उघडतं त्या पाच मिनिटांत. नंतर कंपनीचा माणूस असो की ग्राहक आयोग, सगळे आधी तोच कागद बघतात.

जॉब कार्डावर काय लिहून घ्यायचं

सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर सकाळच्या गर्दीत घाईत असतो. तुम्ही दहा वाक्यं सांगता, तो टॅबवर 'नॉइज' किंवा 'जनरल चेकअप' एवढंच टाकतो. मेकॅनिकलाही तेवढंच दिसतं. तो आवारात एक चक्कर मारतो, आवाज येत नाही, गाडी परत. दोन वर्षांनी तो कागद बाहेर काढलात तर त्यावर 'जनरल चेकअप'च असतं, म्हणजे तुम्ही ती तक्रार कधी केलीच नव्हती असा अर्थ निघतो.

म्हणून तक्रार घरूनच लिहून न्या. इंजिन थंड की गरम, वेग किती, कितवा गिअर, रस्ता कसा, एसी चालू की बंद, हे त्यात आलंच पाहिजे. 'पुढून आवाज येतो' असं लिहू नका. असं लिहा: 'ताशी २० ते ३० च्या वेगाने स्पीडब्रेकरवरून जाताना डाव्या पुढच्या चाकाकडून कटकट आवाज येतो. स्टीअरिंग वळवलं की वाढतो. पहिल्यांदा ४,२०० किलोमीटरला जाणवला, आजचं रीडिंग ६,८५०.' एवढं वाचून मेकॅनिक सरळ स्टॅबिलायझर लिंक, लोअर आर्मचा बुश आणि स्ट्रटचं माउंट बघायला जातो.

हाच मजकूर जॉब कार्डावर उतरला आहे का ते वाचा, मगच सही करा. टॅबवर सही घेत असतील तर प्रत ईमेलवर मागा, आणि त्याच दिवशी तो मजकूर स्वतःच्या ईमेलवरून वर्कशॉपलाही पाठवा. तक्रार दुसऱ्यांदा असेल तर 'रिपीट' अशी नोंद करायला लावा. वॉरंटीत झालेल्या कामाचं बिल शून्य रुपयांचं असतं म्हणून अनेकजण ते घेतच नाहीत. ते घ्याच. कोणता पार्ट बदलला आणि गाडी किती दिवस आत होती, याचा तोच पुरावा. बदललेला जुना पार्ट बहुधा कंपनीकडे परत जातो, त्यामुळे तो जाण्याआधी पार्ट नंबरसकट फोटो काढून ठेवा.

वर्कशॉपमध्ये दोष दिसतच नाही तेव्हा

कधीमधी येणारा दोष सिद्ध करणं सगळ्यात अवघड. व्हिडिओ काढताना मीटरचं रीडिंग आणि पेटलेला दिवा एकाच चौकटीत यायला हवा. गाडी चालवत असाल तर फोन शेजारच्याकडे द्या. थंड इंजिनचा दोष असेल तर गाडी रात्रभर वर्कशॉपमध्ये ठेवा आणि सकाळी तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. तुम्ही चालवत नेलेली गाडी लगेच तपासली तर तो दोष दिसणार नाही. डिलिव्हरी घेण्याआधी मेकॅनिकला शेजारी बसवून ज्या रस्त्यावर त्रास होतो तिथेच फेरी मारा, आणि त्यानंतरच समाधानाच्या कागदावर सही करा.

इंजिनचा दिवा पेटला तर बॅटरीची वायर काढून तो घालवू नका. हा सल्ला बरेच गॅरेजवाले देतात आणि त्याने पुरावा जातो. ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकात, दोषाचा कोड आणि त्या क्षणीचे आकडे साठतात: इंजिनचे फेरे, वेग, कूलंटचं तापमान. बॅटरी काढली की ते पुसले जाऊ शकतात. स्टीअरिंगखाली १६ पिनांचा ओबीडी सॉकेट असतो, दोषाचे कोड वाचणारं उपकरण जोडण्यासाठी. साध्या ब्लूटूथ रीडरने कोड वाचता येतो, पण फक्त वाचा, क्लिअर करू नका. उदाहरणार्थ 'पी ०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथे इंधन नीट जळत नाही. स्क्रीनशॉट घ्या आणि वर्कशॉपला जाताना रीडर काढून ठेवा, नाहीतर दोषाचं खापर त्याच्यावरच फुटेल.

दावा नाकारला जातो तो कशावरून

ब्रेक पॅड, वायपर ब्लेड, फिल्टर, क्लच प्लेट हे झिजणारे भाग सहसा वॉरंटीबाहेर असतात. टायर आणि बॅटरीचा दावा बहुधा त्या त्या उत्पादकाकडे जातो. सर्व्हिस उशिरा केली, बाहेरून सीएनजी किट बसवलं, वायर कापून हॉर्न किंवा लाइट जोडले, ही नकाराची नेहमीची कारणं. अ‍ॅक्सेसरी लावायचीच असेल तर वायर न कापता मूळ कपलरला (वायरींच्या जोडाला) जोडणारं हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) वापरा. आणि नकार तोंडी कधीच स्वीकारू नका. वॉरंटी पुस्तिकेतल्या कोणत्या कलमाखाली नकार दिला, ते लेखी मागा. नुसतं 'बाहेरची अ‍ॅक्सेसरी लावली आहे' म्हणणं पुरेसं नाही. त्या अ‍ॅक्सेसरीमुळेच तो पार्ट कसा गेला, हे त्यांना विचारा.

बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, वाद हमखास होतो. रोज चार-पाच किलोमीटर गर्दीत चालवली तर फिल्टरमधली काजळी जळायला लागणारी उष्णता तयार होत नाही. जळण्याची प्रक्रिया पुन्हा पुन्हा अर्धवट राहिली की काजळी जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइलची पातळी 'मॅक्स'च्या वर चढलेली दिसली तर तेच झालं आहे असं समजा आणि गाडी लगेच दाखवा. डीपीएफचा दिवा पेटताच पुस्तिकेत दिल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर सलग गाडी चालवा. १५ ते २० मिनिटं, ताशी साधारण ६० च्या पुढे, इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास. हे करूनही दिवा परत परत येत असेल तर सेन्सर किंवा इंजेक्टर तपासायची मागणी जॉब कार्डावर लिहा. ते न तपासता 'तुमच्या वापरामुळे झालं' हे उत्तर मान्य करू नका.

तुंबलेल्या पाण्यातून गेल्यावर बंद पडलेलं इंजिन वॉरंटीत येत नाही. तो दावा विम्याचा, आणि तोही इंजिन प्रोटेक्शन कव्हर घेतलं असेल तर. अशा वेळी चावी फिरवून पाहू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

वर कुठे आणि कसं जायचं

अ‍ॅडव्हायजर ऐकत नसेल तर वर्क्स मॅनेजर, मग कंपनीचं कस्टमर केअर. तिथला तक्रार क्रमांक लिहून ठेवा आणि एरिया सर्व्हिस मॅनेजरसमोर गाडीची तपासणी मागा. सोबत एक पानी तक्ता द्या: तारीख, रीडिंग, तक्रार, केलेलं काम, गाडी आत किती दिवस. हे पान दहा पानी पत्रापेक्षा जास्त काम करतं. तरीही काही झालं नाही तर डीलर आणि उत्पादक दोघांनाही १५ दिवसांची मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवा. ती आदेश देऊ शकत नाही, पण अनेकदा कंपनी तिथे उत्तर द्यायला पुढे येते.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गाडीसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच. ५ ते १० लाखांच्या गाडीला २०० रुपये फी, १० ते २० लाखांना ४००. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत दाखल करावी लागते, म्हणून 'पुढच्या सर्व्हिसला बघू' असं सांगणाऱ्याच्या भरवशावर ही मुदत जाऊ देऊ नका. डीलर आणि उत्पादक दोघांनाही प्रतिवादी करा.

मागणी काय करायची याचा विचार नीट करा. अमेरिकेतल्या राज्यांत वारंवार बिघडणाऱ्या नव्या गाडीसाठी वेगळे 'लेमन लॉ' आहेत. आपल्याकडे तसा कायदा नाही. गाडी बदलून हवी असेल तर दोष मुळातच निर्मितीत होता हे दाखवावं लागतं, आणि त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो. कलम ३८ खाली आयोग गाडी योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो, तसा अर्ज सुरुवातीलाच करा. खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल. गाडी बदलण्याच्या मागणीसोबत पर्यायी मागणीही लिहा: पार्ट बदलून मिळावा, त्यावर नवी वॉरंटी मिळावी, गाडी बंद असतानाचा टॅक्सीचा खर्च मिळावा. एरवी वॉरंटीत बदललेल्या पार्टला सहसा मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच मिळते.

वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी गाडी मुद्दाम तपासून घ्या आणि प्रत्येक बारीक दोष जॉब कार्डावर नोंदवा: स्टीअरिंग रॅकची खडखड, एसी कॉम्प्रेसरचा आवाज, ऑइलचा ओलावा. मुदतीत नोंदलेला दोष मुदतीनंतर वाढला तरी तुमची बाजू भक्कम राहते. मुदत संपून थोडेच दिवस झाले असतील तर 'गुडविल' मागा. सर्व्हिसचा इतिहास पूर्ण असेल तर कंपन्या कधीकधी पार्टच्या किमतीचा काही वाटा उचलतात, पण हे कुणी आपण होऊन सांगत नाही. अर्ज लेखी द्या आणि गुडविलचा निर्णय येईपर्यंत पैसे भरून काम सुरू करू नका.