नोकऱ्या कमी होतील, तेव्हासाठी मुलांना काय शिकवायचं?

मी शाळेत गणित शिकवते. पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, पुढे कशाला स्कोप आहे?" हा शोध आधी थांबवा. 2013 मध्ये ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या 47 टक्के नोकऱ्यांना यंत्रांचा मोठा धोका असल्याचा अंदाज मांडला. 2016 मध्ये ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात प्रत्येक नोकरीतली वेगवेगळी कामं तपासली, तर 21 देशांची सरासरी 9 टक्क्यांवर आली. जाणकारांच्या अंदाजांत एवढी तफावत असताना मुलाचं अख्खं शिक्षण एका अंदाजावर बेतू नका.

त्यापेक्षा नोकरी गेली की नेमकं काय जातं, ते बघा. 1930 च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावाची कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. वेळच वेळ होता, तरी ग्रंथालयातून पुस्तकं नेणारे हात कमी झाले. तिथं अभ्यास करणाऱ्या मारी याहोदा यांनी पुढे मांडलं की पगाराखेरीज नोकरी दिवसाला आखणी देते, घराबाहेरची माणसं देते, समाजात ओळख देते. हे सगळं नोकरीविना उभं करता येणं, हा मला आजच्या शिक्षणाचा गाभा वाटतो.

सुरुवात वेळेपासून करा. आठवड्यातली एक दुपार मुलाच्या ताब्यात द्या. क्लास नको, मोबाइल नको. काय करणार ते त्यानं आधी लिहायचं, काय झालं ते संध्याकाळी. तो कंटाळेल. तुम्ही लगेच काहीतरी सुचवायला धावू नका. मुलं मला विचारतात, "याला मार्क किती?" एकही नाही, असं मी सांगते. मार्कांशिवाय हात हलत नसतील, तर ती सवय आत्ताच मोडायला हवी.

मग दुसऱ्याच्या उपयोगी पडणारं काम द्या. मी आठवीतल्या मुलांना सहावीतल्यांना अपूर्णांक शिकवायला लावते. "समजलं का?" असं विचारायला बंदी, समोरच्याकडून गणित सोडवून घ्यायचं, अडलं तर आपली समजावण्याची रीत बदलायची.

वाचन, लेखन, हिशेब पक्के हवेतच. पदवीही सोडू नका. जागा थोड्या आणि अर्ज फार झाले की पहिली चाळणी बहुधा तिचीच लागते. मात्र त्यासाठी कर्ज काढण्यापूर्वी हप्त्याचं गणित मुलालाच मांडू द्या.

आणि एक गोष्ट मुलांपासून लपवू नका: दहा जागांसाठी शंभर जण लायक झाले, तरी नव्वद बाहेरच राहतात. हा त्यांचा दोष नाही. 1930 मध्ये ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी शंभर वर्षांत आठवड्याला पंधरा तास काम पुरेल असं भाकीत केलं होतं. उत्पादन प्रचंड वाढलं, कामाचे तास मात्र तेवढे उतरले नाहीत. म्हणून मी वर्गात हे गणित घालते: कारखान्यात 100 जण रोज 8 तास राबतात, नव्या यंत्रानं काम निम्मं झालं. 50 जणांना काढायचं, की सगळ्यांना 4 तास द्यायचे? पगार, नफा आणि मालाची किंमत असे तीन रकाने फळ्यावर आखते, आणि प्रत्येक पर्यायात कुणाच्या वाट्याला काय येतं ते मुलांनाच भरायला लावते.