हर्णैच्या वाऱ्यातून मावशींचा आवाज सोडवताना

हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव संपल्यावर एका कोळीण मावशींची मुलाखत घेतली. घरी येऊन हेडफोन लावले, तर वाऱ्याची घुरघुर, मागे लाटा आणि प्रत्येक कटला (जिथे दोन तुकडे जोडले तिथे) मागचा आवाज एकदम बदलायचा.

आधी नॉइज रिडक्शन (नको तो आवाज कमी करणारं साधन) पूर्ण ताणलं. ते चुकलंच. लाटांचा आवाज जवळजवळ सगळ्या फ्रिक्वेन्सींत पसरलेला असतो, त्यामुळे लाटांबरोबर मावशींचे स, श, च सुद्धा गेले. पाण्याखालून बोलतायत असं वाटायला लागलं. सगळं काढून पुन्हा सुरुवात केली.

वाऱ्याचा जोर मुख्यतः खालच्या पट्टीत असतो, म्हणून हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या पट्टीखालचा आवाज कापणारा) 100 हर्ट्झवर लावला (पुरुषाचा आवाज असता तर 80). तेवढ्यानेच घुरघुर बरीच उतरली. नॉइज रिडक्शन मग फक्त 5-6 डेसिबल.

खरा फरक पडला तो पुढे. निघताना नुसत्या बंदराचा दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड केला होता. तो वेगळ्या ट्रॅकवर सबंध मुलाखतीखाली पसरला आणि प्रत्येक कटला 3-4 फ्रेमचा क्रॉसफेड दिला, म्हणजे एक तुकडा विरत असतानाच दुसरा चढतो. लाटा ऐकू येतात, पण सलग. कट कुठे आहेत ते कळत नाही. असा नुसत्या जागेचा आवाज प्रत्येक ठिकाणी घ्याच, कितीही घाई असो.

शेवटी लाउडनेस उणे 14 एलयूएफएसवर (लाउडनेस मोजायचं एकक) आणला; त्याहून मोठा आवाज यूट्यूब स्वतःच खाली ओढतं.

एका वाक्याला मात्र वाऱ्याच्या झोताने माईक क्लिप झाला होता, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटला होता. ते वाचलं नाही, कापावं लागलं. आता फोमऐवजी केसाळ विंडशील्ड घेतलंय.