चौकोनी भोकाचं चिनी नाणं: खरं की नक्कल, आणि कोणत्या काळाचं?

दाराशी किंवा गल्ल्याजवळ लाल दोऱ्यात ओवलेली फेंगशुईची तीन नाणी आता मराठी घरांतही सर्रास दिसतात. नाव त्यांवर मांचू बादशहाचं, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजघराण्यातल्या सम्राटाचं असतं, पण बहुतेक नाणी कालपरवा ओतलेली असतात. त्याच घाटाचं खरोखर हजार वर्षांचं नाणंही जुन्या बाजारात किंवा संग्रहाच्या लिलावात मिळू शकतं, आणि ते फार महाग असेलच असं नाही. १०८० च्या सुमारास उत्तर सुंग राज्याच्या टांकसाळी वर्षाला ५० लाखांहून अधिक माळा ओतत होत्या. एका माळेत १००० नाणी, म्हणजे वर्षाला ५०० कोटी! तेव्हा ‘जुनं म्हणून दुर्मीळ’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याला आधी हा आकडा ऐकवा.

हाताशी हवं ते सामान असं: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, व्हर्नियर कॅलिपर, १० पटींचं भिंग, लोहचुंबक, मऊ टूथब्रश, डिस्टिल्ड पाणी.

आधी हात आवरा

चिंच, लिंबू, व्हिनेगर, भांडी घासायची पावडर यांपैकी काहीही नाण्याला लावू नका. देवघरातलं तांब्याचं भांडं त्यांनी लखलखतं, पण नाण्यावरचा हिरवा-तपकिरी थर हाच त्याच्या वयाचा पुरावा असतो आणि अक्षरांच्या कडाही त्याच थरात जपलेल्या असतात. माती चिकटली असेल तर नाणं डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला आणि मऊ ब्रश अलगद फिरवा. रुपया वाजवून पाहतात तसं फरशीवर आपटूनही पाहू नका. जमिनीत शतकानुशतकं राहिलेलं नाणं आतून ठिसूळ झालेलं असतं, त्याचे दोन तुकडे व्हायला वेळ लागत नाही.

वजन आणि व्यास

हे दोन आकडे सगळ्यात आधी लिहून ठेवा. सुरुवातीच्या नाण्यांवर वजनच कोरलेलं असे. इ.स.पू. २२१ मध्ये चीन एकत्र करणाऱ्या छिन राज्याचं ‘बान ल्यांग’ म्हणजे अर्धा ल्यांग (ल्यांग हे चिनी वजनाचं माप), साधारण ८ ग्रॅम. मात्र त्यानंतरच्या हान घराण्याच्या काळात नाव तेच ठेवून वजन उतरवत नेलं, त्यामुळे अडीच ग्रॅमचं बान ल्यांग दिसलं तर लगेच खोटं ठरवू नका. इ.स.पू. ११८ मध्ये हान सम्राट वू याने ‘वू झू’, म्हणजे पाच झू, हे नाणं काढलं. झू म्हणजे सुमारे ०.६५ ग्रॅम, पाच झू म्हणजे सव्वातीन, आणि व्यास २५ मिमीच्या आसपास. पुढे ६२१ पासून तांग घराण्याचं ‘काई-युआन तोंग बाओ’ आलं. त्याचा हिशेब दहा नाण्यांना एक ल्यांग (तोवर ल्यांगच वाढून ४० ग्रॅमच्या आसपास गेला होता), म्हणजे नाण्यामागे ४ ग्रॅमच्या आगेमागे.

खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन केलेली नक्कल थंड होताना आक्रसते. त्यामुळे व्यास १ मिमीने कमी आणि अक्षरं बोथट, असं दोन्ही एकदम दिसलं की संशय घ्या. लोहचुंबकाला चिकटलं म्हणून मात्र फेकून देऊ नका, सुंग काळात सिचुआनमध्ये लोखंडी नाणी चालत. रंगही पाहा. सरकारी नाण्यांत पितळ आलं ते सोळाव्या शतकात, मिंग काळात. त्याआधी तांबं, कथील आणि शिसं यांचं मिश्रण वापरत. सुंग बादशहाचं नाव आणि पिवळाधमक पितळी रंग हे जुळत नाही.

कड

नक्कल सगळ्यात जास्त इथे पकडली जाते. चिनी नाणी ठोकून नव्हे, ओतून केलेली. वितळलेला धातू मधल्या नळीतून दोन्ही बाजूंच्या साच्यांत जाई आणि बाहेर यायचं ते नाण्यांनी लगडलेलं ‘झाड’. नाणी तोडून चौकोनी सळईत ओवत आणि सगळ्यांच्या कडा एकदम घासत. भोक चौकोनी असल्याने घासताना नाणी फिरत नसत. भिंगाखाली कडेवर त्या घासण्याच्या बारीक रेषा दिसायला हव्यात. त्याऐवजी कडेच्या मधोमध एक उंच शिवण सगळीकडून फिरलेली दिसली, किंवा पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसले, तर ते नाणं बाजूला ठेवा. हिरवा थर डिंकाने चिकटवलेला असण्याची शंका आली तर कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन एका कोपऱ्यात टेका. रंग बोळ्यावर उतरला तर उत्तर मिळालं.

वाचन

चिनी येत नसलं तरी एवढं जमतं. दोनच अक्षरं असतील तर उजवीकडून डावीकडे वाचा. उजवीकडे वर-खाली आडव्या रेघा आणि मध्ये फुली, अगदी उभा डमरू, असं अक्षर दिसलं तर ते ‘वू’, म्हणजे पाच, आणि नाणं वू झू. डमरूच्या फुलीच्या रेषा जवळजवळ सरळ असतील तर नाणं आधीचं, बाजू कमनीय वळल्या असतील तर पुढच्या काळातलं. वू झूला पुढून बाहेरची किनार असते, भोकाभोवती नसते. मागे दोन्ही असतात. किनार आली ती चोरट्यांमुळे, लोक कड घासून तांबं काढून घेत.

चार अक्षरं असतील तर ‘बाओ’ म्हणजे ‘मौल्यवान वस्तू’ हे अक्षर शोधा. वर छप्पर आणि खाली गच्च रेघांचा पसारा असं ते दिसतं, आणि नेहमी भोकाच्या डावीकडे असतं. ते डावीकडे आणून छप्पर वर केलं की नाणं सुलटं झालं. आता दोन वाटा. काही नाणी वर, खाली, उजवीकडे, डावीकडे अशी वाचतात, तर काही वरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. काई-युआनच्या बाबतीत चिनी लोकांतही हा वाद होता. ते घड्याळाच्या दिशेने वाचलं तरी अर्थ लागतो, म्हणून बिचारं दोन नावांनी ओळखलं गेलं.

सुंग नाण्यांवर कारकिर्दीचं नाव असतं आणि तेच नाव दोन-तीन लिप्यांत सापडतं, म्हणून अक्षरं वेगळी दिसली तरी नाणं वेगळं असेलच असं नाही. ९९० च्या चुन-हुआ नाण्यांवर सम्राट ताइझोंगच्या हातची तीन वळणं आहेत.

एक इशारा: जपानची कान-एई नाणी (१६३६ पासून) आणि व्हिएतनामची नाणी याच घाटाची आहेत आणि चिनी म्हणून सर्रास विकली जातात.

मागची बाजू

बहुतेक वेळा कोरी. पण ११८० पासून दक्षिण सुंग नाण्यांच्या मागे कारकिर्दीचं कितवं वर्ष तो अंक येतो, मग एका वर्षापर्यंत नेमकं सांगता येतं. काई-युआनच्या मागे एखादं अक्षर दिसलं तर ८४५ आठवा. त्या वर्षी बौद्ध मठ मोडून तिथल्या मूर्ती आणि घंटा वितळवल्या आणि टांकसाळीचं नाव मागे घालून नाणी ओतली. भोकाच्या दोन्ही बाजूंना उभी, लोंबत्या वेलीसारखी लिपी असेल तर ती मांचू, म्हणजे नाणं शेवटच्या राजघराण्याच्या काळातलं. उजवीकडचा शब्द टांकसाळ सांगतो.

काळ ठरवताना घाई नको

नाण्यावरचं वर्ष हे ते ओतल्याचं, जमिनीत गेल्याचं नव्हे. कोरियाच्या सिनान किनाऱ्याजवळ १३२३ मध्ये बुडालेल्या व्यापारी जहाजात सुमारे २८ टन चिनी नाणी मिळाली. त्यांतली बहुसंख्य सुंग काळातली, म्हणजे जहाजापेक्षा शतक-दोन शतकं जुनी. तंजावर भागात सापडलेले चिनी नाण्यांचे साठे वाचतानाही हेच ध्यानात ठेवावं लागतं: साठा त्यातल्या सगळ्यात नव्या नाण्याच्या आधीचा असू शकत नाही, नंतरचा कितीही असेल.

म्हणूनच जागेवर, न हलवलेल्या स्थितीत मिळालेलं नाणं अभ्यासकाला इतकं मोलाचं. नानचांगजवळ, फक्त २७ दिवस सम्राट राहिलेल्या आणि इ.स.पू. ५९ मध्ये वारलेल्या लिऊ ह याच्या थडग्यात सुमारे १० टन वू झू निघाली, सुमारे २० लाख नाणी. त्यांच्या माळा हजार-हजारांच्या होत्या हे दिसलं, कारण त्या कुणी आधी विस्कटल्या नव्हत्या. हनान प्रांतातल्या ग्वानझुआंग इथे फावड्याच्या आकाराच्या नाण्यांची टांकसाळ इ.स.पू. ६४० ते ५५० एवढी जुनी ठरवता आली, तीही तिथेच पडलेले मातीचे साचे आणि गाभे यांच्या आधारे.

ठेवण

नाण्यावर फिकट हिरवी, खडूसारखी भुकटी उगवत असेल तर ती मातीतल्या क्लोराइडमुळे लागलेली कीड आहे. दमट हवेत ती वाढते, म्हणून मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात अशी नाणी झपाट्याने खराब होतात. भुकटी कोरड्या ब्रशने झाडा, नाणं पूर्ण वाळवा आणि सिलिका जेलसह हवाबंद डब्यात, ४० टक्क्यांखाली आर्द्रतेत, इतरांपासून वेगळं ठेवा. मऊ पीव्हीसीचे अल्बम नकोत, त्यांतून सुटणारं आम्ल धातू खातं. तरी भुकटी परत आली तर रसायनांचे प्रयोग न करता वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धकाला दाखवा.

आणि भारतात असं नाणं शेत नांगरताना किंवा पाया खणताना मिळालं, तर खणणं थांबवा, खोली आणि जागा लिहा, फोटो काढा. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, १० रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.