ट्रॅक डेवर लॅप टाइम अडकलाय? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईकर बाइकवाल्यांना ट्रॅक डे, म्हणजे आपली बाइक रेस ट्रॅकवर चालवायला मिळणारा दिवस, महागात पडतो. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक इथून १,३०० किलोमीटरच्या आसपास. गाडी ट्रान्सपोर्टला द्या, ऑफिसात सुट्टी टाका, हॉटेल बघा, आणि एवढं करून दिवसभरात हाती लागतात १५-२० मिनिटांची पाच-सहा सेशन्स. तळेगावकडचं नानोली जवळ पडतं, पण सेशन्स तिथेही मोजकीच. सुरुवातीच्या दोन-तीन ट्रॅक डेंमध्ये वेळ भराभर खाली येते आणि मग एका आकड्यावर ठाण मांडून बसते. अशा वेळी बहुतेक जण दोनच उपाय करतात: आणखी उशिरा ब्रेक मारायचा, नाहीतर एक्झॉस्ट बदलायचा. वेळ मात्र गळत असते ब्रेक सोडणं आणि थ्रॉटल उघडणं यांच्या मधल्या फटीत.

उशिरा ब्रेक मारण्याचा हट्ट

हिशेब करून बघा. समजा एका कॉर्नरला वेग १३० वरून ७० वर आणायचा आहे. ब्रेकिंग पॉइंट ५ मीटर पुढे नेला आणि बाकी सगळं जसंच्या तसं जमलं, तर फायदा होतो साधारण ०.१२ सेकंदाचा. पण ते जसंच्या तसं जमत नाही. वेग जास्त राहतो, गाडी एपेक्सच्या (कॉर्नरच्या आतल्या कडेला जिथून जायचं त्या बिंदूच्या) बाहेरून जाते आणि थ्रॉटल अर्धा सेकंद उशिरा उघडतो. तो अर्धा सेकंद पुढच्या सरळ पट्ट्याच्या शेवटापर्यंत भोवतो.

ओळखायची खूण सोपी आहे. कॉर्नरमधून निघताना तुम्ही थ्रॉटल उघडून पुन्हा बंद करता का? करत असाल तर ब्रेकिंगमध्ये गडबड आहे. एक अख्खं सेशन ब्रेकिंग पॉइंट १० मीटर अलीकडे घ्या आणि लक्ष फक्त ब्रेक सोडण्याकडे ठेवा. लिव्हर आधी हलकी दाबायची, फोर्क (पुढचे शॉकअप) दबून बसला की जोर वाढवायचा. सगळ्यात जास्त ब्रेक गाडी सरळ उभी असताना. मग गाडी जसजशी वळणात झुकेल, म्हणजे झोपेल, तसतसा जोर कमी करत, एपेक्सच्या जवळ शून्यावर. मध्यम पातळीचे बहुतेक रायडर इथे लिव्हर एकदम सोडतात. दबलेला फोर्क झटक्यात वर येतो, पुढच्या टायरवरचा भार जातो आणि गाडी वळायला नकार देत बाहेर सरकते. मग दोष टायरला दिला जातो.

या एका गोष्टीचा सराव शहरातही होतो, तोही ३० च्या वेगात. तीन हात नाक्याच्या सिग्नलला थांबताना फक्त पुढच्या ब्रेकने असं थांबायचं की शेवटच्या क्षणी फोर्क मागे उसळी घेणार नाही. रोज जाता-येता वीस सिग्नल लागतातच, त्यांचा एवढा तरी उपयोग होऊ दे. वेगाचा सराव मात्र पाम बीच रोडवर किंवा गायमुखच्या घाटात करू नका. तिथे घसरलात तर थांबायला रिकामी जागा (रन-ऑफ) नाही, मार्शल नाही, आणि समोरून येणाऱ्या डंपरला तुमच्या लाइनशी देणंघेणं नाही.

मधली रिकामी फट

ब्रेक सुटलाय, थ्रॉटल बंद आहे आणि गाडी नुसती वाहतेय. ९० च्या वेगाला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे ०.७ सेकंदात साडेसतरा मीटर. ती फट पूर्ण बुजत नाही, काही कॉर्नरना बुजवायचीही नसते. पण चेन्नईच्या ३.७१७ किलोमीटरच्या ट्रॅकवर १२ कॉर्नर आहेत. प्रत्येकी पाव सेकंद वाचला तरी लॅपमागे तीन सेकंद होतात. एक्झॉस्ट एवढं देत नाही.

फट दोन कारणांनी पडते. एक म्हणजे ब्रेक गरजेपेक्षा आधी आणि जास्त मारून वेग जरुरीपेक्षा खाली आणणं. दुसरं, नजर एपेक्सवरच चिकटून राहणं. गाडी वळायला लागली की नजर एपेक्सवरून एक्झिटकडे गेली पाहिजे. ती अडकली की हातही अडकतो. जीपीएसचा वेगाचा आलेख असेल तर कॉर्नरचा तळ बघा. तळ लांब आणि सपाट असला की तिथे गाडी वाहतेय. लांबलचक, वेगवान वळणात (स्वीपर) असा तळ चालतो, यू-टर्नसारख्या हेअरपिनमध्ये नाही.

लवकर वळणं

भीती वाटली की माणूस लवकर आत वळतो. एपेक्स लवकर येतो आणि एक्झिटला ट्रॅक संपतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर याची किंमत स्पष्ट दिसते. तिथे तिसऱ्या कॉर्नरनंतर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. त्या पट्ट्यावर सरासरी वेग १३० ऐवजी १३३ राहिला तर दर किलोमीटरला ०.६ सेकंद वाचतो. म्हणून ट्रॅकचा नकाशा घेऊन आधी हे बघा की सगळ्यात लांब सरळ पट्टा कुठल्या कॉर्नरनंतर येतो. पहिल्या दिवसाची मेहनत तिथे घाला. तिथे आत जाताना थोडं हळू गेलात तरी चालेल. ज्या कॉर्नरनंतर लगेच दुसरा कॉर्नर आहे, तिथे जीव काढण्यात अर्थ नाही.

गुडघा आणि गिअर

कॉर्नरमध्ये गुडघा जमिनीला टेकवण्याचं वेड फोटोपुरतं ठीक. बऱ्याच जणांचा गुडघा टेकतो, पण डोकं टाकीच्या बाहेरच्या बाजूला राहतं. असं बसलात तर त्याच वेगाला गाडी जास्त झोपवावी लागते. कंबर ब्रेकिंग सुरू होण्याआधीच हलवा. वळायच्या क्षणी हललात तर शॉकअप डोलतात. बाहेरची मांडी टाकीला दाबून धरा. कॉर्नरच्या मध्यावर आतल्या हाताचं कोपर सहज हलवता आलं पाहिजे. येत नसेल तर तुम्ही हँडलला लटकलेले आहात. हात तिसऱ्या सेशनला भरून येतात ते बहुधा याच कारणाने.

गिअर खाली घ्यायचे ते ब्रेकिंगच्या उत्तरार्धात, वेग उतरल्यावर. आधीच दोन गिअर टाकले तर स्लिपर क्लच (गिअर उतरवताना मागच्या चाकाला बसणारा झटका कमी करणारा क्लच) असूनही मागचं चाक उड्या मारू शकतं. प्रत्येक कॉर्नरचा गिअर एकदा ठरवला की त्या दिवशी बदलू नका.

टायर: हवा गरम असताना मोजा

ठाण्यातून हायवेने चेन्नईला गाडी चालवत नेली की मागचा टायर मधोमध चपटा होतो. कॉर्नरमध्ये झोपवताना गाडी आधी अडते आणि मग एकदम पडल्यासारखी आत जाते. ट्रान्सपोर्ट परवडत नसेल तर निदान टायर तिथे पोचल्यावर बदलायचे ठेवा. रेल्वे पार्सलने पाठवणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागते.

हवेचं गणित असं की टायरचं तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. म्हणून सकाळी सातला भरलेला आकडा अकरा वाजता निरुपयोगी होतो. पुस्तिकेत २९ ते ३३ पीएसआय सांगितलेल्या ३००-४०० सीसीच्या गाडीला, रस्त्याचे स्पोर्ट रेडियल टायर असतील तर, थंड असताना २६-२७ पासून सुरुवात करा. सेशन संपवून पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) आल्यावर दोन मिनिटांच्या आत मोजा. तेव्हा ३०-३१ च्या आसपास असेल तर बरोबर. जास्त असेल तर उतरवा. टायर कंपनीने ट्रॅकसाठी वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. मोजायला स्वतःचा डिजिटल गेज ठेवा आणि दिवसभर तोच वापरा, कारण पेट्रोल पंपावरच्या दोन मीटरांचं एकमेकांशी पटत नाही. घरी निघण्याआधी हवा पुन्हा पुस्तिकेप्रमाणे भरा, हे दमल्यावर हमखास विसरतं.

शॉकअपला हात लावण्याआधी

दुसऱ्याच्या गाडीचे क्लिक्स (शॉकअपच्या सेटिंगचे आकडे) स्वतःच्या गाडीला लावणं ही नेहमीची चूक. तुमचं वजन वेगळं, तुमचा वेग वेगळा. आधी सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने शॉकअप किती दबतो ते, मोजा. मागचं चाक अधांतरी ठेवून एक्सलपासून वरच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंतचं अंतर घ्या. मग हेल्मेट-सूटसकट पूर्ण पोशाख घालून बसा आणि तेच अंतर पुन्हा मोजा. फरक ३० ते ३५ मिमी असावा. जास्त असेल तर प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा ताण) वाढवा. टूलकिटमधला सी-स्पॅनर त्यासाठीच असतो.

पुढच्या शॉकअपसाठी एक झिप टाय पुरतो. फोर्कच्या चकचकीत नळीवर, सीलला टेकवून सैलसर बांधा आणि सेशननंतर तो कुठे सरकलाय ते बघा. पूर्ण प्रवासाच्या शेवटचे ५ ते १० मिमी उरले असतील तर ठीक. तो टोकाला जाऊन आदळला असेल तर फोर्क पूर्ण बसतोय. समायोजन नसलेल्या फोर्कमध्ये तेल किती जुनं आहे, हा पहिला प्रश्न.

ब्रेक ऑइल

हे खास आपल्याकडचं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि आपल्याकडे चार महिने हवेत दुसरं काही नसतं. डॉट ४ या दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. ओल धरलेल्याची मर्यादा १५५ पर्यंत उतरते. तिसऱ्या-चौथ्या लॅपला लिव्हर हँडलच्या जवळ यायला लागली तर आत वाफ झालीय. तशी लिव्हर पंप करत दिवस काढू नका, पिटमध्ये या. पावसाळा संपला की ऑक्टोबरात ऑइल बदलून, एअर काढून घ्या. गॅरेजवाल्याला सीलबंद डबा समोर फोडायला सांगा.

आकडे बघताना

फोनचा जीपीएस साधारणपणे सेकंदाला एकदाच नोंद घेतो. १२० च्या वेगाला तेवढ्यात ३३ मीटर जातात. त्यामुळे फोनवरच्या ०.२ सेकंदाच्या सुधारणेवर विश्वास ठेवू नका. १० हर्ट्झचा (सेकंदाला दहा नोंदी घेणारा) वेगळा टायमर मिळाला तर उत्तम. सगळ्यात वेगवान एका लॅपऐवजी सेशनमधल्या सगळ्यात चांगल्या पाच लॅप बघा. त्या अर्ध्या सेकंदाच्या आत बसत नसतील तर गाडीत काहीही बदलू नका, कारण फरक गाडीचा की तुमचा हे कळणारच नाही. आणि बदल करायचाच तर एका सेशनला एकच.

दुपारनंतर वेळ घसरली तर क्रमाने तपासा: गरम टायरची हवा, लिव्हरचा प्रवास, चेनचा ढील, आणि मग स्वतः. लेदर सूटमध्ये चेन्नईच्या उन्हात तहान लागायच्या आधी पाणी प्यावं लागतं. दर सेशननंतर निदान अर्धा लिटर, थोडं मीठ-साखर घालून. गाडी व्यवस्थित आहे आणि तरी सलग दोन लॅप दीड सेकंदाने मागे पडल्या, किंवा ठरलेला ब्रेकिंग मार्कर दोनदा हुकला, तर हात वर करून पिटमध्ये या. शेवटचं सेशन बुडालं तरी चालेल, गाडी ट्रान्सपोर्टवाल्याकडे धडधाकट चढवता येते.