पाणीपुरवठा विभागात नवीन लागलाय? मग आधी लॉगबुकातला पंपाचा ३०० चा आकडा तपासा

जॉइन होऊन चार महिने झाले होते आणि मी भर मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं होतं की आपल्या गावाचं निम्मं पाणी गळतीत जातंय. एक्सेल होतं, पाय चार्ट होता, त्यात लाल रंगाचा अर्धा गोल होता. सीओ साहेब (म्हणजे मुख्याधिकारी) खूश, कारण कुणीतरी आकडा दिला. नगरसेवक खूश, कारण बोलायला विषय मिळाला. मग गळती शोधमोहीम निघाली, सतरा ठिकाणी रस्ते खोदले, आणि हाताला लागल्या चार किरकोळ गळत्या, त्यातली एक तर गटाराचा पाझर निघाली. पावसाळ्याच्या तोंडावर सतरा खड्डे. लोक मला काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

तर तो निम्म्याचा आकडा कसा चुकला, हे सगळं त्याबद्दल आहे. १३५ लिटर दरडोई, जॅकवेल (नदीकाठची पाणी उचलायची विहीर), फिल्टर बेड, टीसीएल (ब्लीचिंग पावडर), झोन वगैरे तुम्हाला माहीत आहेच, परीक्षा देऊनच आलाय ना, ते परत सांगत बसत नाही. पण माझी चूक मी जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण ती पुस्तकात नव्हती आणि ऑफिसातही कुणी सांगितली नाही.

बेहिशेबी पाणी, म्हणजे आपण ऑफिसात ज्याला एनआरडब्ल्यू (नॉन-रेव्हेन्यू वॉटर) म्हणतो, ते काढायला दोन आकडे लागतात. किती पाणी सोडलं आणि कितीचं बिल झालं. केंद्राच्या २००८ च्या सेवा मानकांत हे २० टक्क्यांच्या आत असावं असं आहे. सगळ्यांचं लक्ष असतं दुसऱ्या आकड्यावर, म्हणजे चोरीचे कनेक्शन, नळाला थेट लावलेले टिल्लू पंप, बंद मीटर. माझंही तिकडेच होतं. आमच्याकडे नळाला मीटर नव्हते, वर्षाची ठोक पाणीपट्टी होती, म्हणून मी साठ घरांत तात्पुरते मीटर लावून वापर मोजला आणि त्यावरून गावाचा हिशेब केला, दिवसाला २४ लाख लिटर. एवढी मेहनत केल्यामुळे मला वाटलं आपण फार शास्त्रीय आहोत. आणि पहिला आकडा? तो मी लॉगबुकमधून उचलला. पंप ताशी ३०० घनमीटर (एक घनमीटर म्हणजे १००० लिटर), रोज १६ तास, म्हणजे ४८ लाख लिटर. ४८ मधून २४ गेले, राहिले निम्मे. झालं, पाय चार्ट तयार.

तो ३०० कुठून आला होता माहितीय? पंपाच्या पाटीवरून. पंप बसवला तेव्हाची पाटी. लॉगबुकच्या प्रत्येक पानावर, प्रत्येक ओळीत ३००. उन्हाळ्यात ३००, व्होल्टेज पडलेलं असताना ३००, नदीची पातळी तळाला गेली तरी ३००. खरा मोजलेला आकडा कधीच इतका सरळ नसतो, तो हलतो, आणि हे मला चार महिने दिसलं नाही.

दाखवलं ते आमच्या व्हॉल्वमन मामांनी. खड्ड्यांचं प्रकरण चालू असताना ते एकदा सहज म्हणाले, "म्याडम, पंप तेवढं पाणी टाकतोच कुठं? आधी टाकी पावणेदोन तासात ओव्हरफ्लो व्हायची, आता अडीच तास लागतात." मी लॉगबुक काढलं तर ओव्हरफ्लोच्या वेळा त्यातच लिहिलेल्या होत्या, शेजारच्याच कॉलममध्ये! मी तो कॉलम कधी वाचलाच नव्हता कारण माझ्या एक्सेलमध्ये त्याला जागा नव्हती.

मग टाकीची टेस्ट केली. ही प्रत्येकाने करा, पैसे लागत नाहीत, एक टेप आणि दोन माणसं लागतात. आमची टाकी ५ लाख लिटरची, गोल, आतला व्यास १२ मीटर. म्हणजे पाणी १० सेंटिमीटर चढलं की साधारण ११,३०० लिटर आलं. आऊटलेटचा व्हॉल्व बंद करायचा, पंप चालू करायचा, अर्ध्या तासात पातळी किती चढते ते बघायचं. इतकं सोपं आहे. पण पंप चालू करायच्या आधी इनलेट आणि आऊटलेट दोन्ही बंद ठेवून अर्धा तास नुसतं बसायचं. कारण जुना व्हॉल्व बंद केला म्हणजे बंद झाला असं नसतं, तो पास होतो, म्हणजे बंद असूनही पाणी सोडतो. आमचा तर मस्त पास होत होता, अर्ध्या तासात पातळी ६ सेंटिमीटर उतरली, म्हणजे ताशी साडेतेरा घनमीटर गुपचूप खाली चाललं होतं. हे नंतर मिळवून घ्यायचं. पंप चालू केल्यावर अर्ध्या तासात ८५ सेंटिमीटर चढलं, म्हणजे ताशी १९२, आणि पास झालेलं मिळवून जवळपास २०६.

२०६. ३०० नाही.

मी तिथे टाकीच्या जिन्यावर बसून मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं. १६ तासांचं ३३ लाख लिटर. त्यातून २४ गेले की बेहिशेबी उरलं २७ टक्के, निम्मं नाही. उरलेलं जे पाणी मी गावभर रस्ते खोदून शोधत होते ते नदीतून कधी उचललंच नव्हतं.

आता यात अजून एक खाच आहे. टाकीची टेस्ट सांगते टाकीत किती पोचलं. पंपातून किती निघालं हे ती सांगत नाही, मधल्या रायझिंग मेनवरच (पंपापासून टाकीपर्यंतच्या मोठ्या पाईपवर) गळती असली तर? आम्ही एक क्लॅम्प-ऑन अल्ट्रासॉनिक मीटर (पाईप न कापता बाहेरून लावून प्रवाह मोजणारा) दोन दिवस उसना आणला आणि पंप हाऊसच्या बाहेर लावला. पहिल्यांदा तो २६० दाखवायला लागला, माझा जीव परत खालीवर, पण आम्ही तो बेंडच्या, म्हणजे पाईपच्या वळणाच्या, शेजारीच लावला होता. सरळ पाईप लागतो, आधी व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट तरी, आणि पाईप पूर्ण भरलेला पाहिजे. जागा बदलली तर २११. म्हणजे मेन ठीक, पंपच दमलेला. उघडला तर इम्पेलरच्या (पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चाकाच्या) कडा उंदराने कुरतडल्यासारख्या, त्याच्याभोवतीच्या वेअर रिंगमध्ये बोट जाईल एवढी फट. वर्षानुवर्षं पावसाळ्यात गढूळ पाणी, रेती, त्याने घासून गेलेला.

आणि विजेचं बघा, ते जास्त लागलं मला. १००० लिटर पाणी ३६७ मीटर चढवायला शंभर टक्के कार्यक्षमतेत बरोबर एक युनिट लागतं, हे एवढं पाठ करून ठेवा, बाकी सूत्रं विसरलात तरी चालेल. आमची एकूण चढण ६० मीटर, म्हणजे आदर्श ०.१६ युनिट. पॅनेलवर लोड ७० किलोवॅट. कागदावर ७० भागिले ३००, ०.२३, बरं दिसतं. खरं ७० भागिले २०६, ०.३४. म्हणजे निम्म्याहून जास्त वीज पाणी चढवण्यात जातच नव्हती. रिंग आणि इम्पेलर बदलल्यावर १६ तासांचं काम ११ तासांत, दिवसाला ३५० युनिट वाचली, आणि खर्च त्या सतरा खड्ड्यांच्या बुजवणीपेक्षाही कमी. पाणीपुरवठ्याचं वीजबिल थकलं की आधी दरवाढीचा प्रस्ताव निघतो, मग सभेत तो पडतो, मग मार्चमध्ये वसुलीला सगळ्या ऑफिसची धावपळ. त्याआधी कुणी पंप हाऊसला जाऊन हा एक भागाकार करत नाही. पाणी योजना टिकवायची म्हणजे काय ते मला तरी तिथे कळलं, सेमिनारात नाही.

इथे माझं एक मत, पटलं तर घ्या. स्काडा (पंप-टाक्यांवर दुरून कॉम्प्युटरने नजर ठेवायची यंत्रणा), सेन्सर, डॅशबोर्ड याची सध्या फार हौस आहे. वाईट नाही. पण ज्याला आपल्या टाकीचा आतला व्यास माहीत नाही त्याने स्काडाचं टेंडर काढू नये. डीपीआरमधले (योजनेच्या सविस्तर प्रकल्प अहवालातले) आकडे तर वाचताना जरा नाक मुरडूनच वाचा, मी एका डीपीआरमध्ये दुसऱ्याच गावाचं नाव तसंच राहिलेलं बघितलंय. आणि गुरू शोधत असाल तर प्रत्येक वाक्य "माझ्या सर्व्हिसमध्ये" ने सुरू करणाऱ्यांपासून जरा लांब. कुठला व्हॉल्व किती आट्यांचा आहे हे ज्याला तोंडपाठ आहे त्याच्या मागे फिरा. चहा तुम्ही पाजा.

कंबोडियातल्या नॉम पेन्हची गोष्ट तुम्हाला कुठल्या ना कुठल्या ट्रेनिंगमध्ये ऐकवतीलच. तिथल्या पाणी प्राधिकरणाचे प्रमुख एक सोन्न चान (त्यातलं 'एक' हे आडनाव आहे, मी आधी चुकून "एक जण" वाचत होते) १९९३ मध्ये आले तेव्हा ७२ टक्के पाणी बेहिशेबी होतं, ते पुढे ६ टक्क्यांच्या आसपास आलं, २००६ ला त्यांना मॅगसेसे मिळालं. ट्रेनिंगमध्ये पुरस्कार सांगतात. मला भावलं ते हे की त्यांनी नळाला मीटर लावले आणि मोठ्या लोकांनाही बिलं पाठवली. आपल्याकडे कराडजवळच्या मलकापुरातही चोवीस तास पाणी आणि नळाला मीटर दोन्ही एकदम आलं, जमलं तर जाऊन बघून या. पण लगेच येऊन सीओंना "आपणही चोवीस तास करू" म्हणू नका, मी म्हणाले होते. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या लाईनमध्ये आधी हवा येते आणि मीटर त्या हवेवरही फिरतो, लोक बिल घेऊन ऑफिसात येतात आणि ते खरं बोलत असतात. एका छोट्या झोनपासून सुरू करा, लाईनमधली हवा बाहेर सोडणारे एअर व्हॉल्व आधी बघा.

घाबरू नका पण. खरंच. पहिलं वर्ष सगळ्यांचं असंच जातं, रात्री फोन, सकाळी मोर्चा, दुपारी टेंडर. मला दोनदा सोडावंसं वाटलं. फक्त एका बाबतीत हिंमत दाखवू नका, क्लोरीनच्या टोनरजवळ (गॅसच्या मोठ्या सिलिंडरजवळ) एकट्याने जायचं नाही, मास्क कपाटात कुलूप लावून ठेवायचा नाही, किल्ली कुणाकडे हे शोधायला वेळ नसतो. आणि शेवटच्या टोकाच्या नळाला ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन किती उरलाय ते बघायची) स्वतः करा आठवड्यातून एकदा, लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन तिथे दिसला पाहिजे, टाकीखाली दिसला याला अर्थ नाही.

२०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली तेव्हा मी कॉलेजला होते. पहिल्या फेरीत दहा वॅगन, ५ लाख लिटर, टीव्हीवर बघून अंगावर काटा आला होता. आमची एक टाकी तेवढीच आहे. दिवसातून सहासात वेळा भरते आणि रिकामी होते, आणि ती किती वेळात भरते हे मामा सोडून कुणी बघत नव्हतं.

मीटिंगमध्ये परत उभं राहून "माझा आधीचा आकडा चुकला होता" हे सांगावं लागलं, त्याबद्दल फार लिहीत नाही, कान गरम झाले होते एवढंच. एका नगरसेवकांनी विचारलं मग ते खड्डे कशाला खोदले. उत्तर नव्हतं. पण त्याच सभेत बल्क मीटरला (पंपाचं सगळं पाणी मोजणाऱ्या मोठ्या मीटरला) मंजुरी मिळाली, आणि आता तो पंप हाऊसच्या बाहेर बसलाय, सरळ पाईपवर, मी स्वतः टेपने अंतर मोजून.

परवा अचानक गेले. मीटरवर २९१ होतं. लॉगबुकात ऑपरेटरने लिहिलं होतं ३००. विचारलं तर म्हणाला, "राऊंड फिगर केली म्याडम."