किनाऱ्यावरच्या गाडीचा पत्रा खालून कसा वाचवावा

समुद्राकाठी गाडी घेतली की पहिला सल्ला ठरलेला असतो: खालून काळं मारून घ्या. या सल्ल्याने कोकणातल्या कितीतरी चांगल्या गाड्यांचं वाटोळं झालंय. गंज धरलेल्या पत्र्यावर काळं कोटिंग चोपडलं की गंज झाकला जातो आणि आत सुखाने वाढत राहतो. वरून सगळं गुळगुळीत दिसतं आणि एक दिवस जॅक लावताना तो दाराखालच्या पट्टीत सरळ आत घुसतो. पत्रा राखतो तो प्रायमर, आणि प्रायमर टिकतो तो खाली मीठ नसेल तरच. काळ्या थराचं काम खडी आणि चिखलाचा मार झेलण्याचं, एवढंच.

हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. मिरगाच्या तोंडावर गॅरेजात रांग लागते, तेव्हा हवा आधीच दमट झालेली असते.

गाडी सपाट जागी चार पक्क्या स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. चाकं आणि मडगार्डची आतली प्लास्टिकं काढा. त्यांच्या मागे जांभ्याची लाल माती गच्च बसलेली असते आणि ती महिनोन्‌महिने ओल धरून ठेवते. ती सगळी खरवडून काढा.

आता घासणं. कंपनीतून आलेला मूळ थर जिथे शाबूत आहे, तिथे ग्राइंडर लावू नका. तसा थर घरी कुणालाच देता येत नाही. फुगे आलेले, पोपडे सुटलेले, जुनं काळं कोटिंग उचललेलं, तेवढाच भाग लोखंडापर्यंत उघडा करा. पेट्रोलची टाकी आणि इंधनाच्या नळ्यांजवळ ठिणगी उडता कामा नये, तिथे हातानेच घासा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

इथपर्यंत सगळे करतात. घासून पत्रा चकाकला की लगेच प्रायमर मारतात आणि पुढच्या गणपतीपर्यंत त्याच जागी फुगे येतात. मलाही या टप्प्याने बराच काळ छळलं आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

गंजाने पत्र्यात बारीक खड्डे पडतात आणि मीठ त्यांच्या तळाशी बसतं. ग्राइंडरला लावलेला तारेचा ब्रश वरचा पत्रा घोटून चकचकीत करतो, खड्ड्याच्या तळाशी मात्र तो पोचत नाही. आणि समुद्राचं मीठ निव्वळ सोडियम क्लोराइड नसतं. सोडियम क्लोराइड हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढून विरघळतं. त्याच्या सोबतचं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांपासूनच ओढू लागतं. आपल्या किनाऱ्यावर हवा इतकी कोरडी सहसा होतच नाही. पावसाळ्यात जाड्या मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ना, तेच प्रायमरच्या खाली घडतं. प्रायमरचा थर कितीही चांगला असला तरी वाफ हळूहळू आत शिरते, मीठ ती धरून ठेवतं आणि थर खालून उचलला जातो.

म्हणून घासल्यानंतर धुवा. भरपूर गोड्या पाण्याने, जमल्यास गरम पाण्याच्या दाबाने. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मचूळ असतं. तसलं पाणी मारलंत तर काढलेलं मीठ परत घातल्यासारखंच. पाणी चाखून बघा, शंका वाटली तर आतल्या बाजूच्या गावातून आणा. धुऊन झालं की ब्लोअरने सुकवा आणि गाडी रात्रभर छपराखाली तशीच ठेवा.

सकाळी बॅटरीचा झोत पत्र्याला जवळजवळ समांतर धरून बघा. एकसारखी फिकट पिवळसर झाक आली असेल तर चिंता नको, ती पॉलिश पेपरने जाते. पण सुई टोचल्यासारखे काळपट, ओलसर ठिपके दिसले तर मीठ तिथेच आहे. बोटाने पुसलंत तरी थोड्या वेळाने पुन्हा ओल धरतात. प्रत्येक ठिपका टोकदार हत्याराने खरवडा, ८० नंबरच्या पेपरने घासा, पुन्हा धुवा, पुन्हा रात्र काढा. ठिपके उठायचे थांबत नाहीत तोवर प्रायमरचा डबा उघडायचा नाही. गॅरेजवाला म्हणेल, गाडी दोन तासांत देतो. त्याच्याकडे देऊ नका.

गंज काळा करणारं रसायन मिळतं, त्याच्यावरही विसंबू नका. ते गंजाचं रूप पालटतं, खालचं मीठ काढत नाही. वापरलंच तर धुऊन टाका. त्यातलं आम्ल उरलं तर वरचा इपॉक्सी प्रायमर नीट कडक होत नाही.

प्रायमर दोन भागांचा इपॉक्सीच घ्या, म्हणजे ज्यात थर कडक करणारा हार्डनर वेगळा येतो तो. साधा रेड ऑक्साइड खिडकीच्या गजांना ठीक, समुद्राकाठच्या गाडीखाली तो पुरत नाही. दव उडाल्यावर, सकाळी दहानंतर सुरुवात करा. पत्रा हाताला गार लागत असेल तर थांबा. थिनरने पुसा, हार्डनर डब्यावर लिहिल्याप्रमाणे मोजूनच घाला, सांधे आणि वेल्डच्या रेषा आधी ब्रशने भरा, मग दोन पातळ हात द्या. सांध्यांवर सीलर.

त्यावर रबराचं अंडरबॉडी कोटिंग, दोन हात. डांबराचं नको, ते पुढे कडक होऊन तडकतं आणि तड्यांत पाणी धरतं. सायलेन्सर, ब्रेक, एक्सलचे रबरी बूट, सेन्सर कागद-टेपने झाका.

शेवटी पोकळ भाग. दाराखालच्या पट्ट्यांत आणि चॅसीच्या पोकळीत लांब नळीने पातळ मेण फवारा, कारण तिथे ब्रश पोचत नाही आणि गंज आतून बाहेर येतो. नंतर निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा. काम करणारे ती हमखास बुजवतात आणि पट्टीत पाणी साठतं.

पुढे गाडी वाळूवर उतरवलीत, किंवा मासळीच्या टेम्पोतून गळणारं खारं पाणी अंगावर घेत मागोमाग आलात, तर त्याच दिवशी खालून गोडं पाणी मारा. पावसाळा संपला की चाकं काढून मडगार्डच्या आत बघा, जिथे खडी लागून थर टवका उडाल्यासारखा निघालाय तिथे तेवढ्यापुरतं सगळं पुन्हा करा, रात्रभर ठेवण्यासकट.