संध्याकाळचा विजेचा भार दुपारवर कसा न्यावा

वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे अजूनही खर्चिक असल्यामुळे, ती ज्या क्षणी वापरली जाते त्याच क्षणी तेवढी निर्माण व्हावी लागते. मागणीच्या मानाने निर्मिती तोकडी पडली की जनित्रे मंदावतात आणि 50 हर्ट्झवर राहायला हवी ती वारंवारता घसरू लागते. दुपारी मध्य प्रदेशातील रीव्याच्या 750 मेगावॉट क्षमतेच्या प्रकल्पासारखे सौर प्रकल्प भरात असतात, पण सूर्य मावळताच ती वीज थांबते आणि नेमके तेव्हाच इंदुरात घरोघरी दिवे आणि एसी सुरू होतात. ही तूट कमी करण्यास ग्राहक खरोखर हातभार लावू शकतो, आणि त्यासाठी त्याला अंधारात बसावे लागत नाही.

प्रथम घरातील कोणती कामे थांबू शकतात ते पाहावे. दिवा आणि पंखा थांबू शकत नाहीत. पाण्याची मोटर, गिझर, वॉशिंग मशीन आणि ई-स्कूटरचे चार्जिंग थांबू शकते.

माझ्या मते सुरुवात मोटरपासूनच करावी. नर्मदेचे पाणी हौदात साठते आणि तेथून मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते. ज्या मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत, टाकीतील फ्लोट (पाण्याच्या पातळीनुसार मोटर चालू-बंद करणारा तरंगता स्विच) खाली जाताच मोटर आपोआप सुरू होते, तेथे ती पुष्कळदा संध्याकाळी सातच्या सुमारास, सर्वांची भांडीधुणी चालू असतानाच घरघरू लागते. 5 अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर साधारण चार किलोवॉटहून अधिक वीज घेते. म्हणून परवानाधारक वायरमनकडून टायमर बसवून घ्यावा, टाकी सकाळी 11 ते दुपारी 3 या वेळात भरून घ्यावी, आणि पाणी अगदी तळाला गेले तरच मोटर अवेळी चालावी यासाठी दुसरा फ्लोट खाली लावावा.

15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर नेण्यास 2 किलोवॉटच्या गिझरला सुमारे 18 मिनिटे लागतात. टाकीचे आवरण चांगले असेल तर चार वाजता तापवलेले पाणी संध्याकाळच्या स्नानाला पुरते.

स्कूटर रात्री उशिरा चार्ज करावी. मात्र सर्व फ्लॅटांनी टायमर ठीक दहालाच लावले तर नवाच ताण उभा राहतो, म्हणून मजल्यागणिक अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे.

2023 मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार सौर तासांत, म्हणजे सौर वीज भरपूर असते त्या दिवसाच्या तासांत, दर कमी आणि कमाल मागणीच्या तासांत जास्त ठेवायचा आहे. त्यासाठी स्मार्ट मीटर, म्हणजे वेळेनुसार वापर नोंदवणारा मीटर, लागतो. आपल्या ग्राहक श्रेणीला (घरगुती, व्यावसायिक वगैरे) लागू असलेले तास राज्य वीज नियामक आयोगाच्या चालू वर्षाच्या दर आदेशात पाहूनच टायमर लावावा आणि पहिल्या महिन्याच्या बिलातील वेळनिहाय युनिटे तपासून तो पुन्हा जुळवावा.